सायकलस्वार, शिरस्त्राण आणि धोक्याची जाणीव

ग्रामीण महाराष्ट्रात सायकल हे केवळ वाहन नसून अनेक कुटुंबांच्या दृष्टीने ते शिक्षणाचे साधन आहे. मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील मागास तालुक्यांत इयत्ता 8 वी ते 12 वीच्या, शाळेपासून 5 किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य देण्यात आले. बुलढाणा जिल्ह्याचाही या कार्यक्रमात समावेश आहे. मुलगी सायकलीवर बसली म्हणजे तिची शाळा सुटण्याचे एक कारण दूर होते. परंतु त्याच क्षणी ती रस्त्यावरील सर्वांत असुरक्षित घटकही बनते. म्हणूनच सायकलस्वाराने शिरस्त्राण, म्हणजेच हेल्मेट, वापरावे काय, या प्रश्नाचा विचार आवश्यक ठरतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 129 नुसार मोटारसायकलस्वारास हेल्मेट बंधनकारक आहे. सायकल हे मोटार वाहन नसल्याने तिला हे कलम लागू होत नाही. सायकलस्वाराच्या बाबतीत निर्णय कुटुंबाने, शाळेने व गावाने विचारपूर्वक घ्यावयाचा आहे.

हेल्मेटचे कार्य व मर्यादा

सायकलीच्या हेल्मेटमध्ये थर्मोकोलसारख्या पदार्थाचा जाड थर असतो. आघात होताच हा थर स्वतः चेपतो आणि डोक्यापर्यंत पोहोचणारा धक्का कमी करतो. एकदा जोराचा आघात झालेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये, ते याच कारणास्तव. युरोपीय मानकानुसार त्याची चाचणी सुमारे दीड मीटर उंचीवरून, म्हणजे ताशी 20 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने आदळवून घेतली जाते. तोल जाऊन पडणाऱ्या सायकलस्वाराचे डोके साधारण इतक्याच जोराने जमिनीवर आपटते. जखमी सायकलस्वारांवरील 40 अभ्यासांचे जे एकत्रित विश्लेषण 2016 साली प्रसिद्ध झाले, त्यात हेल्मेट वापरणाऱ्यांमध्ये डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता सुमारे 69 टक्क्यांनी कमी आढळली. मात्र वेगात आलेल्या मालमोटारीच्या धडकेपासून बचाव करण्यासाठी हे साधन बनविलेले नाही.

भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

दिनांक 1 जुलै 2023 रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यात खासगी बसला आग लागून 25 जणांचा मृत्यू झाला. या घटनेने सारा महाराष्ट्र हळहळला, व ते योग्यच होते. परंतु 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 व्यक्तींनी प्राण गमावले. म्हणजे दररोज सरासरी 460 हून अधिक. हे बहुतेक मृत्यू एकेकट्याने होतात, आणि म्हणून त्यांची चर्चा गावापलीकडे जात नाही.

मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी 1987 साली या प्रवृत्तीचे विवेचन केले. एकाच वेळी अनेकांचा बळी घेणारा, भयावह धोका माणसाला मोठा वाटतो. नित्याचा, परिचित धोका लहान वाटतो. समृद्धी महामार्गावर सायकलीला प्रवेशच नाही. विद्यार्थिनीचा खरा धोका आहे तो गावच्या फाट्यावर, तुटलेल्या साइडपट्टीवर, कापसाच्या हंगामात रात्री दिव्याविना धावणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीपाशी आणि राजूर घाट किंवा बोथा घाटासारख्या उतारावर. रोजचा रस्ता असल्याने तो धोका जाणवत नाही, इतकेच.

याची दुसरी बाजूही आहे. संरक्षण मिळाल्याच्या भावनेने माणूस अधिक धाडस करतो, असे काही अभ्यासक मानतात. इंग्लंडमध्ये 2007 साली इयान वॉकर यांना वाहनचालक हेल्मेटधारी सायकलस्वाराच्या किंचित अधिक जवळून जातात असे आढळले. त्याच आकडेवारीच्या फेरतपासणीत इतर संशोधकांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतला. हा वाद मिटलेला नाही. तथापि हेल्मेट म्हणजे बेफिकिरीचा परवाना नव्हे, हा धडा त्यातून निश्चित घेता येतो.

सक्ती की शिकवण?

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 1990 साली सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. वापर झपाट्याने वाढला, डोक्याच्या दुखापती घटल्या. परंतु किशोरवयीन सायकलस्वारांची संख्याही घटल्याचे मेलबर्नमधील पाहणीत दिसून आले. नेदरलँड्सने वेगळी वाट धरली. तेथे 1971 साली 400 हून अधिक मुले रस्त्यावर मृत्युमुखी पडली, तेव्हा पालकांनी आंदोलन उभारले. पुढे वाहनांचा वेग आवरण्यात आला, सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग झाले. आज तेथे सामान्य सायकलस्वार क्वचितच हेल्मेट घालतो, तरीही सायकल प्रवास जगात अत्यंत सुरक्षित गणला जातो.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्याने या दोन्ही अनुभवांतून बोध घ्यावा. हेल्मेट नाही म्हणून एखाद्या मुलीला शाळेच्या फाटकातून परत पाठविले, तर सुरक्षिततेच्या नावाखाली शिक्षणाचीच हानी होईल. सक्तीऐवजी शिकवण व साहाय्य हा मार्ग श्रेयस्कर होय.

गावपातळीवर काय करता येईल?

शिक्षकांनी हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या दोन बोटे वर बसवून हनुवटीखालचा पट्टा आवळण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. ब्रेक व घंटीची तपासणी करावी, मागे परावर्तक पट्टी लावून घ्यावी. कोणत्या वळणावर भीती वाटते, हे मुलींनाच विचारून रस्त्याचा साधा नकाशा तयार करावा. ग्रामपंचायतीने तो ग्रामसभेपुढे ठेवावा. शाळेजवळ गतिरोधक, साइडपट्टीची दुरुस्ती आणि फाट्यावर दिवा यांची मागणी ठरावाद्वारे संबंधित विभागाकडे पाठवावी. अधिकाऱ्यांनी अशा ठरावांचा पाठपुरावा करावा.

मुलीने डोक्यावर हेल्मेट जरूर घालावे. परंतु तिच्या सुरक्षिततेचा सारा भार त्या एका हेल्मेटवर टाकून गावाला मोकळे होता येणार नाही.