टाकीत कोणीही उतरायचं नाही

पुणे, रविवार

चि. नितीन यास अनेक आशीर्वाद.

काल रात्री वहिनीचा फोन आला. आंब्याच्या पेट्या, तिचा गुडघा, सगळं बोलून झाल्यावर ठेवता ठेवता म्हणाली, ‘नितीन संडासाच्या टाकीत स्वतः उतरून बघणार म्हणतोय, गण्या वरून दोरी धरणार आहे.’ मला झोप लागली नाही. एरवी वहिनीच्या बातम्या मी निम्म्याच धरतो, पण तुझा स्वभाव ठाऊक आहे. विहिरीत पडलेली कळशी काढायला शाळेत असताना उतरला होतास, तेही कोणाला न सांगता. विहीर वेगळी, ही टाकी वेगळी.

दोरी धरून काय होणार आहे? टाकीतल्या वायूला कुजक्या अंड्यांचा वास येतो तोवर निदान कळतं तरी. तो वाढला की नाकच बधिर होतं, वास गेल्यासारखा वाटतो. माणूस म्हणतो हवा मोकळी झाली, आणि दोन श्वासांत कोसळतो. वरचा त्याला काढायला जातो, तोही राहतो. पेपरात अशा बातमीत एकाऐवजी दोन-तीन नावं असतात ती यामुळे. झाकण रात्रभर उघडं ठेवलं म्हणूनही भागत नाही, गाळ ढवळला की त्यात दडलेला वायू पुन्हा वर येतो. आणि कंदील सोडून बघायचा शहाणपणा कोणी सांगितला तर ऐकू नकोस. आत मिथेन असतो, भडका उडेल.

गण्यालाही उतरवायचं नाही. पैसे घेऊन उतरायला तयार असलेल्या आणखी कोणालाही नाही. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे, पहिल्याच खेपेला 2 वर्षांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायद्याच्या धाकाने तू थांबावंस अशी माझी इच्छा नाही.

मुळात उतरायचं कारणच काय? बदलायची आहे ती संडासापासून टाकीपर्यंतची नळ्यांची ओळ, टाकी नव्हे. मागच्या गणपतीत घरात पंचवीस माणसं आणि संडास तुंबलेला, सुमनच्या जावयाला परटांकडे पाठवावं लागलं, ती नामुष्की मी विसरलेलो नाही. पण दोष टाकीचा नसावा. बाबांनी घातलेले ते चिनी मातीचे नळे, दर दोन-अडीच फुटांवर सिमेंटचा सांधा. सांधा तडकला की माडाची मुळं पाण्याच्या वासाने आत शिरतात आणि जटा वाढवतात. बांबू घालून किती वेळा मोकळं करणार? अ‍ॅसिड तर मुळीच ओतू नकोस, मुळांना काही होत नाही आणि टाकीत मैला पचवणारे जीव मात्र मरतात.

आधी नगरपरिषदेचा मैला उपसणारा टँकर बोलाव. मग सगळं काम बाहेरून. 4 इंची पाइप जमिनीत घालायचा दर्जाचा घे, पावसाच्या पन्हळीचा पातळ नको. उतार 40 फुटांना 1 फूट, म्हणजे 10 फुटांना 3 इंच. तो डोळ्यांनी बघायचा नाही, पाण्याच्या नळीने लेव्हल काढायची. आपल्याकडे चराच्या तळाशी जांभ्याचे कोपरे वर येतात, त्यावर पाइप तसाच टेकवलास तर पुढच्या पावसाळ्यात दबून फुटेल, म्हणून खाली चार बोटं वाळू. न्हाणीच्या कोपऱ्यावर काटकोनी बेंड लावायचा मोह होईल. तिथे चेंबर बांध, उद्या तुंबलं तर तिथूनच हात घालता येईल. माती लोटण्याआधी खालचं तोंड बंद करून ओळ पाण्याने भर आणि तासभर बघ. टाकीच्या तोंडाशी आतला टी-आकाराचा जोड शाबूत असेल तर त्याला हात लावू नकोस. मोडला असेल तर वरूनच बसवणारा माहीतगार माणूस मिळेल. पुन्हा सांगतो, वरूनच.

शोषखड्डा नवा काढणार असशील तर विहिरीपासून निदान 60 फूट लांब. जांभ्याच्या भेगांतून घाण कुठवर जाते याचा भरवसा नाही. परसातली जागा पुरत नसेल तर दोन माड गेले तरी चालतील. बाबा असते तर ओरडले असते, पण पाणी तेच प्यायचे.

तुला रागावतोय खरा, पण मला एक आठवतं. ओव्हरसियर म्हणून पहिली नोकरी लागली तेव्हा साइटवर टाक्या उपसायला माणसं यायची. मी मस्टरवर सही करायचो आणि रुमाल नाकाला लावून लांब उभा राहायचो. एक बारीकसा पोरगा असायचा, तुझ्या आताच्या वयाचा, उतरण्याआधी विडीचा शेवटचा झुरका घेऊन थोटूक कानावर ठेवायचा. त्याला काही झालं नाही. पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, आणि कालपासून तोच डोळ्यांसमोर येतोय.

आणि बाबांनी ओळ घातली तेव्हा मी सुट्टीवर घरीच होतो. ‘जरा कागद-पेन्सिल घे, माप सांगतो,’ असं ते म्हणाले होते. मी नाक्यावर गेलो. म्हणून आज तुला आख्खा परस उकरून ओळ शोधावी लागणार. तू तरी घराच्या कोपऱ्यापासून मापं घालून नकाशा काढ आणि देवघराच्या फडताळात ठेव.

मृग तोंडावर आला म्हणून तुझी घाई चालली आहे, कळतं. एकट्याने घर सांभाळतोस, आम्ही सगळे इथून फक्त सल्ले पाठवतो. पाइपाचे आणि टँकरचे पैसे मी देतो, वहिनीला सांगू नकोस. शुक्रवारच्या रातराणीने मी येतो. चरात उतरणं आता जमत नाही, पण नळीचं एक टोक धरून बसेन. काकूने तुझ्यासाठी मेतकूट केलंय, तेही आणतो.

तोवर ते झाकण उघडू नकोस, आणि हे पत्र मिळालं की एक फोन कर.

तुझा
अण्णाकाका