एका शेतकऱ्याची रोजनिशी : एडमंड रफिन (१७९४–१८६५)

"रोजनिशी खोटे बोलत नाही, कारण ती माणूस स्वतःसाठी लिहितो," असे उत्तर माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी देतेच. इतिहासाच्या साधनांचा भाग चालू असतो, बखरींवर शंका घेऊन झालेली असते, आणि रोजनिशीचे नाव निघताच सगळे निश्चिंत होतात. अशा वेळी मी एका अमेरिकन शेतकऱ्याची रोजनिशी पुढे करतो.

एडमंड रफिन हा व्हर्जिनिया राज्यातला जमीनदार. विशीच्या आतबाहेर असताना जेम्स नदीकाठची वडिलोपार्जित शेती त्याच्या अंगावर पडली. वर्षानुवर्षे तंबाखू आणि मका घेऊन त्या भागातल्या जमिनी निकस झाल्या होत्या आणि अनेक शेतकरी नव्या जमिनीच्या शोधात पश्चिमेकडे निघाले होते. शेणखतानेही जमीन सुधारेना. रफिनने हम्फ्री डेव्हीचा शेतीच्या रसायनशास्त्रावरचा ग्रंथ वाचला आणि आपली माती आम्ल घालून तपासली. तीत चुना सापडेना. निकस रानात पाइन आणि आपल्या चुक्याच्या जातीची एक आंबट वनस्पती माजते, हेही त्याने हेरले. जमीन आंबट झाली आहे, म्हणून तिला खत लागू पडत नाही, असा तर्क त्याने बांधला. नदीकाठी जमिनीखाली पुरातन शिंपल्यांची चुनखडीयुक्त माती होती. तिला तिकडे मार्ल म्हणतात. १८१८ च्या फेब्रुवारीत ती उकरून त्याने थोड्या एकरांवर पसरली. त्या तुकड्यात मक्याचे पीक सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. शंका, तर्क, प्रयोग, मोजमाप : आजच्या कृषी महाविद्यालयातही याहून वेगळी रीत शिकवत नाहीत.

पुढे तो राज्याच्या सिनेटमध्ये बसला, १८३२ मध्ये त्याने या विषयावर ग्रंथ काढला, १८३३ पासून 'फार्मर्स रजिस्टर' हे मासिक चालवले, आणि १८४३ मध्ये साउथ कॅरोलायना राज्याचा कृषी पाहणी अधिकारी झाला. हे सारे चरित्रकोशात मिळेल. पण एक गोष्ट विसरू नये. मार्ल खणणे हे कंबरडे मोडणारे काम. ते रफिनच्या गुलामांनी केले.

रोजनिशी सुरू होते ती १८५६ च्या ऑक्टोबरात, शेतीतून अंग काढून घेतल्यानंतर. तोवर तो गुलामगिरीचा कडवा पुरस्कर्ता आणि दक्षिणेने फुटून निघावे म्हणून धडपडणारा म्हातारा झाला होता. १८५९ मध्ये जॉन ब्राउनची फाशी पाहता यावी म्हणून पासष्टाव्या वर्षी त्याने लष्करी विद्यालयाच्या मुलांच्या रांगेत उभे राहणे पत्करले. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर तोफा सुटल्या. पहिला गोळा रफिनने डागला अशी आख्यायिका आहे. त्याची रोजनिशी उघडून पाहावी. इशाऱ्याचा गोळा आधी दुसऱ्या ठिकाणाहून सुटला, आपण डागली ती आपल्या तुकडीची पहिली तोफ, असेच तो लिहितो. येथे रोजनिशी आख्यायिकेपेक्षा प्रामाणिक ठरते आणि विद्यार्थी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहतात.

मग मी १८६२ चा उन्हाळा काढायला सांगतो. उत्तरेचे सैन्य जेम्स नदीच्या परिसरात शिरले होते आणि रफिन कुटुंबाच्या शेतांवरून गुलाम सैन्याच्या छावण्यांकडे निघून जात होते. रफिन हे लिहितो. तो काही लपवीत नाही. पण त्याला नवल वाटते, कारण आपल्याकडचे लोक समाधानी आहेत अशी त्याची खात्री होती. मातीला तिचे दुखणे विचारण्यासाठी आम्लाची बाटली घेऊन बसणारा हा माणूस! खत लागू पडले नाही तेव्हा त्याने प्रचलित समजूत टाकून दिली होती. माणसे निघून गेली तेव्हा मात्र त्याने आपली समजूत जपली आणि वस्तुस्थितीवरच आश्चर्य केले. निघून गेलेल्यांना काय वाटत होते, हे त्या पानांत नाही. कोण गेले एवढेच आपण तेथून उचलायचे. का गेले, याचे उत्तर तेथे शोधत बसू नये.

दक्षिणेच्या पराभवानंतर, १८६५ च्या जूनमध्ये, रफिनने मुलाच्या घरी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याआधी तो रोजनिशी लिहायला बसला. शेवटच्या नोंदीत उत्तरेच्या राज्याबद्दलचा आपला द्वेष त्याने ठाशीव शब्दांत जाहीर केला आहे. हो, जाहीर! हा शब्द मी फळ्यावर लिहितो आणि सुरुवातीला उत्तर देणाऱ्या मुलाला उभे करतो : दोन घटकांत मरायला निघालेला माणूस हे स्वतःसाठी लिहीत होता काय?

ही रोजनिशी तीन खंडांत छापलेली आहे, शेवटचा १९८९ चा. या वर्षी कोणाला प्रबंधिकेसाठी विषय हवा असल्यास दुसऱ्या खंडापासून सुरुवात करावी.