आमरीच्या बालरोपांचे घरगुती संगोपन

सह्याद्रीच्या रानातील आमरी न ओरबाडता ऑर्किडची हौस भागवावयाची, तर बाटलीत वाढविलेली बालरोपे आणणे इष्ट. आमरीचे बी धुळीइतके सूक्ष्म. त्यात अन्नसाठा जवळजवळ नसल्याने निसर्गात ते बुरशीच्या साहाय्यानेच रुजते. अमेरिकन शास्त्रज्ञ ल्यूइस नडसन यांनी १९२२ मध्ये साखरयुक्त माध्यमावर बुरशीविना बी रुजविण्याची रीत प्रसिद्ध केली.

खरी कसोटी रोप बाटलीबाहेर येते तेव्हाच लागते. मुळांना चिकटलेले माध्यम कोमट पाण्याने पूर्ण धुवावे. राहिलेल्या साखरेवर बुरशी माजते. बाटलीतील दमट हवेला सरावलेली पाने कोरड्या वाऱ्यात सुकतात. म्हणून अनेक रोपे एकाच कुंडीत, ओलसर शेवाळात दाटीने लावून पारदर्शक झाकण ठेवावे व ते दिवसेंदिवस थोडेथोडे उघडावे. थेट ऊन वर्ज्य. साचलेले पाणी तर त्याहून घातक. पहिल्या फुलासाठी मात्र काही वर्षे थांबावे लागते.