पोहता पोहता थांबलं तर?

एप्रिल लागला की तलावाच्या खिडकीपाशी फॉर्मसाठी गर्दी होते. फॉर्मवर एक रकाना असतो: पोहता येते का? हो किंवा नाही. मूल उथळ बाजूच्या बॅचमध्ये जाणार की खोल बाजूच्या, हे बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावरच ठरतं. माझ्या मुलीचं तसंच ठरलं होतं.

ती तेव्हा आठ वर्षांची होती. आदल्या उन्हाळ्यात उथळ बाजूला फ्रीस्टाइल शिकली होती आणि तलावाची रुंदी एका दमात पार करायची. सरांनी ते पाहिलं आणि तिला मोठ्या मुलांच्या बॅचमध्ये घातलं. हात छान पडत होते, पायही चालू होते. तळ जिथून उतरत जातो त्याच्या जरा पुढे एक मुलगा तिला आडवा आला आणि ती थांबली. उथळ पाण्याच्या सवयीने तिने पाय खाली सोडले, तर खाली जमीन नव्हती. ती ओरडली नाही. हात उंचावून कुणाला बोलावलंही नाही. मान मागे गेली, तोंड पाण्याच्या पातळीला आलं आणि दोन्ही हात पाणी खाली दाबत राहिले. सर दुसऱ्या टोकाला होते. जाळीमागे आम्ही पालक ओळीने उभे होतो, पण ती बुडते आहे हे कुणालाच कळलं नाही. शेजारून पोहत चाललेल्या एका आजोबांनी तिला दंडाला धरून काठाशी आणलं.

बुडणं सिनेमात दाखवतात तसं दिसत नाही. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवरचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून हे मांडलं होतं. तोंड क्षणभर पाण्यावर येतं, तेवढा वेळ श्वास घ्यायलाच पुरत नाही, मग हाक कुठून मारणार? त्यांच्या निरीक्षणाप्रमाणे हे सगळं २० ते ६० सेकंदांत संपतं. म्हणून काठावरच्या माणसाने आवाजाची वाट पाहू नये. मूल एका जागी उभं दिसतंय, पाय चालत नाहीत आणि हाक मारली तर बघत नाही, एवढं दिसलं तरी धावावं.

माझ्या मुलीला पुढे जाता येत होतं. थांबता येत नव्हतं, कारण ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. उथळ बाजूला त्याची गरज पडत नाही, दमलं की उभं राहायचं. माझे वडील गावच्या विहिरीत शिकले, पाठीला रिकामा डबा बांधून. त्यांच्या आधीची पिढी सुक्या भोपळ्यावर शिकली. विहिरीला उथळ बाजू नसते, त्यामुळे पाण्यावर टिकायचं कसं आणि वळून पायरी कशी गाठायची, हेच तिथे पहिलं शिक्षण. विहिरींनी पोरं गिळलीही आहेत, तेव्हा मुलांना विहिरीत सोडा असं मी मुळीच म्हणणार नाही. शिकवण्याचा तो क्रम मात्र मला अजून पटतो. बांगलादेशात गावच्या तळ्यांत बांबूचे मचाण बांधून मुलांना ‘स्विमसेफ’ नावाचा अभ्यासक्रम शिकवतात. तिथेही २५ मीटर पोहून भागत नाही, ३० सेकंद पाण्यावर टिकून दाखवावं लागतं.

अगदी नवख्या मुलाला, विशेषतः चार-पाच वर्षांच्या, हातपाय मारण्याची घाई नको. माझ्या धाकट्याने सुरुवातीचे कितीतरी दिवस पायरीवर बसून पाण्यात तोंड घालत बुडबुडे काढले, आणि मला ते योग्यच वाटलं. नाकातोंडात पाणी गेलं तरी घाबरायचं नाही, काठ धरून सरकायचं, स्वतःच्या बळावर काठावर चढायचं, हे आधी. मग उताणं तरंगणं. रडणाऱ्या मुलाला ढकलून ‘भीती मोडायची’ पद्धत अजून दिसते. तिने मूल पाण्यापासून तुटतं आणि पुन्हा यायला वर्षं लागतात. दंडाला लावायचे फुगे मला पसंत नाहीत. ते मुलाला पाण्यात उभं धरतात, आणि पोहायला शरीर आडवं लागतं. शिवाय फुग्यांवर विसंबलेलं मूल ते नसतानाही उडी मारतं. ओठ निळसर झाले की वेळ संपली नसली तरी बाहेर काढा, लहान अंग लवकर गारठतं.

रुंदी पार करणाऱ्या मुलांकडे सगळ्यांत जास्त लक्ष हवं. त्यांना येतं असं सगळ्यांना वाटतं, त्यांना स्वतःलाही. अशा मुलाला खोल बाजूला नेण्याआधी सरांना सांगून एवढं करून घ्या: डोक्यावरून पाणी जाईल तिथे उडी, वर येऊन एक मिनिट तरंगणं किंवा उभं पोहणं, गर्रकन वळून काठ शोधणं, २५ यार्ड, म्हणजे साधारण २३ मीटर, पोहणं आणि शिडीशिवाय बाहेर येणं. अमेरिकन रेड क्रॉस या पाच गोष्टी एकापाठोपाठ करायला लावते. यातली एकही अडली तर मूल उथळ बाजूलाच राहू द्या, शेजारची मैत्रीण पुढे गेली तरी. मागच्या वर्षी जमलं होतं म्हणून यंदा सूट देऊ नका. दहा महिने पाण्याबाहेर राहिलेलं मूल पहिल्या दिवशी पुन्हा तपासायला हवं.

प्रवेश घेताना फीपेक्षा आधी विचारा, एका सरांकडे किती मुलं? पाच-सहा वर्षांच्यांसाठी सहाच्या वर आकडा ऐकला तर मी दुसरी वेळ मागते. मे महिन्यात ती मिळत नाही, मग जून संपल्यावर जाते. जीवरक्षक वेगळा आहे का, की शिकवणारेच सर लक्षही ठेवतात, तेही विचारा. तलावाचा तळ वरून स्पष्ट दिसत नसेल तर त्या दिवशी मुलाला उतरवू नका.

आणि पोहायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला पावसाळ्याआधी एक गोष्ट बजावून सांगा. ओढ्यात, खाणीत, धरणावर कुणी बुडताना दिसलं तर आपण उडी मारायची नाही. आरडाओरडा करून मोठ्यांना बोलवायचं, आणि दोर, काठी, ओढणी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते काठावर पालथं पडून पुढे करायचं किंवा फेकायचं.