छाप कोणाची, माल कोणाचा?

दौंडच्या पेठेत कापड विकताना आम्ही रोज पाहतो, गिऱ्हाईक ताग्याचा काठ उलटून आधी गिरणीचा छाप वाचते, कापडाला हात नंतर लावते. नावाला किंमत आहेच. पण ती कुठवर वसूल होते, याचा धडा आम्हाला कॅमेऱ्याच्या धंद्यात सापडला.

हॅसेलब्लाड ही स्वीडनची नामांकित कंपनी. 1969 साली चंद्रावर उतरलेल्यांनी तिच्याच कॅमेऱ्याने छायाचित्रे काढली. परतताना वजन नको म्हणून कॅमेरे तिथेच सोडले, फिल्म तेवढी आणली. अशी इभ्रत कोणत्या जाहिरातीने मिळणार? 2012 साली याच कंपनीने 'लूनर' कॅमेरा जाहीर केला. आतला माल सोनीच्या एनईएक्स-7 चा. वरून लाकडी मूठ आणि आपले नाव. किंमत सुमारे पाच हजार युरो, मूळ कॅमेऱ्याच्या चौपट!

महागडा कॅमेरा घेतो कोण? एक रोजीसाठी घेणारा. आपल्याकडचा लग्नाचा फोटोग्राफर हिशेब करतो: किती लग्नांत पैसे फिटतील, जुनी लेन्स बसेल का, दुरुस्ती पुण्यात होईल का. (मुलीचा बाप मात्र कॅमेऱ्याचा आकार पाहूनच दर मान्य करतो, ते वेगळे.) दुसरा हौशी पैसेवाला. लूनर या दुसऱ्यासाठी होता. पण दुसरा नेहमी पहिल्याकडे पाहून घेतो, हे कंपनी विसरली. जाणकार हसले आणि शान गेली. 2016 साली तिने स्वतः घडवलेला एक्स-1-डी आणला, तेव्हा जाणकार पुन्हा वळले.

जर्मनीच्या लायकानेही पॅनासॉनिकबरोबर बनवलेले छोटे कॅमेरे आपल्या लाल ठिपक्याखाली विकले. पण तिचा एम कॅमेरा आजही तिच्याच कारखान्यात, वेट्झलरला बनतो. म्हणून ठिपका टिकला. शिंपी, चप्पल-कारागीर बंधूंनी आपल्या हातच्या मालावर आपले नाव जरूर घालावे. ठोकात आणलेल्या मालावर घालताना विचार करावा.

हे आम्ही ठेच खाऊन सांगतो. एका ठोक व्यापाऱ्याने यंत्रमागाच्या साड्या हातमागाच्या पैठणीच्या पेटीत घालून दिल्या. ऐब ठाऊक असून आम्ही दर वाढवला. येवल्याकडच्या एका बाईंनी पदर उलटला, मागचे लोंबते धागे पाहिले आणि न बोलता साडी ठेवली. त्यांच्यासोबतच्या चार घरांचे बस्ते गेले. तेव्हापासून आम्ही बिलावर 'हातमाग' की 'यंत्रमाग' ते लिहितो. त्यातले एक घर गेल्या वर्षी परत आले. तीन अजून आलेली नाहीत.