सूर खरा लागला पाहिजे

चि. ऋता,


बायोफीडबॅकचं मशीन आलं, सॉफ्टवेअर सुरू झालं आणि आवाजाचे इतके पर्याय पाहून गोंधळायला झालं, असं तू लिहिलंस. साहजिक आहे. त्या यादीत पियानोपासून समुद्राच्या गाजेपर्यंत सगळं असतं. तू सुरुवात ताणाच्या डोकेदुखीच्या पेशंटपासून करणार आहेस, म्हणून कपाळाच्या स्नायूपुरतंच लिहिते. एक गोष्ट मनाशी पक्की ठेव: स्पीकरमधून येणारा आवाज पेशंटच्या स्नायूचा आहे. तो फार गोड नसला तरी चालेल, पण खोटा असता कामा नये.

१९६९ साली कोलोरॅडोत बुडझिन्स्की आणि स्टोयवा यांनी कपाळाच्या स्नायूसाठी जे यंत्र वापरलं, त्यात एकच सूर होता. स्नायू आवळला की सूर चढायचा, सैल पडला की उतरायचा. तूही तिथूनच सुरुवात कर. ठरावीक मर्यादा गाठली की वाजणारी घंटी मेंदूच्या लहरींच्या कामात उपयोगी पडते; इथे मात्र मर्यादा गाठेपर्यंत ती पेशंटला काहीच सांगत नाही. पेशंटच्या आवडीचं गाणंही लावू नकोस. तो गाणं ऐकत बसेल आणि कपाळ राहील बाजूला.

आता आकड्यांचं. सुरुवातीची दोन मिनिटं आवाज बंद ठेवून नुसतं मोजमाप घे. समज, पेशंट ८ मायक्रोव्होल्टवर आहे. सॉफ्टवेअरची पट्टी ० ते १०० अशी असेल, तर तो ८ वरून ६ वर आला तरी सूर जेमतेम हलेल. बिचाऱ्याने खरोखर काही मिळवलेलं असतं, पण कानाला ते कळत नाही. तीच पट्टी २ ते १० अशी लाव आणि तिला दोन सप्तकं दे. मग त्याच दोन मायक्रोव्होल्टला सूर अर्धं सप्तक उतरतो आणि पेशंटचा चेहरा लगेच सांगतो की त्याला फरक कळला. मिडीची सोय असेल तर भूपाचे स्वर लाव: ६०, ६२, ६४, ६७, ६९ आणि पुढे वरच्या सप्तकात तेच. सूर कसाही वरखाली झाला तरी कानाला खुपत नाही.

स्नायूचा सिग्नल मुळातच थरथरता असतो. सरासरी घेतली नाही तर सूर नुसता फडफडतो, आणि जास्त वेळाची घेतली तर मागे पडतो. अर्धा ते एक सेकंद पुरे. ब्लूटूथचे हेडफोन वापरू नकोस, त्यात आणखी उशीर मिसळतो. वायरचे घे आणि सॉफ्टवेअर उघडण्याआधीच लाव; बरेचसे प्रोग्राम आवाज कुठे पाठवायचा हे सुरू होतानाच ठरवतात. कॉम्प्युटरची नोटिफिकेशन्स बंद कर. मध्येच ‘टिंग’ वाजलं तर पेशंट म्हणणार, माझं काही चुकलं का?

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिल्टर ५० हर्ट्झवर आहे ना, ते बघ. अमेरिकेतून आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तो बहुधा ६० वर असतो, आणि मग आपल्याकडच्या विजेची गुणगुण स्नायूचा ताण म्हणून ऐकू येते. लॅपटॉप सेशनभर बॅटरीवरच चालव. इलेक्ट्रोड सुटला तर आकडा एकदम उसळतो आणि सूर किंचाळतो, म्हणून व्हॉल्यूमला वरची मर्यादा घाल. याहून फसवा प्रकार उलटा आहे. घामाने किंवा सांडलेल्या जेलने दोन इलेक्ट्रोड एकमेकांना जोडले गेले, की आकडा शून्याकडे घसरतो, सूर शांतपणे उतरतो, आणि काहीही न करता पेशंटला शाबासकी मिळते. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला पेशंटला भुवया वर करायला सांग. सूर झटकन चढला आणि भुवया सोडताच उतरला, तरच पुढे जा. पेशंटवर लावण्याआधी हे सगळं स्वतःच्या कपाळावर करून बघ.

पेशंटच्या कानांचीही विचारपूस कर. वयस्कर माणसांना वरचे सूर नीट ऐकू येत नाहीत. अर्धशिशीवाल्यांना आवाजच सोसत नाही. कुणाच्या कानात मुळातच गुणगुण असते. पट्टी खाली आण, आवाज हळू ठेव, आणि ‘हा चालेल का?’ असं विचारूनच पुढे जा.

शेवटी आवाज काढून घ्यायचा असतो, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेव. शिकागोत जो कामिया यांनी मेंदूच्या अल्फा लहरींवर प्रयोग केले, तेव्हा घंटी वाजवून ते विचारायचे, आत्ता अल्फा होता की नाही? उत्तर बरोबर की चूक, तेवढंच सांगायचे. सरावाने लोक बरोबर ओळखू लागले. तूही तसंच कर. प्रत्येक सेशनची शेवटची काही मिनिटं आवाज बंद ठेव, पेशंटला कपाळ सैल करायला सांग, आकडा किती असेल ते विचार आणि मग स्क्रीन दाखव. अंदाज जुळू लागले की आवाजाची मिनिटं कमी करत जा. डोकं दुखतं ते ऑफिसात, लोकलमध्ये, मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत. तिथे तुझं मशीन नसतं. मशीनशिवाय कपाळ सैल करता आलं नाही, तर स्क्रीनवरचा आलेख कितीही सुंदर असो, उपचार अर्धाच झाला असं समज.

पहिल्या आठवड्यानंतर फोन कर. कोणत्या पेशंटला कोणती पट्टी लावलीस आणि त्यांचे अंदाज किती जुळले, एवढं वहीत टिपून ठेव. मग बोलू.

तुझी,
सुधामावशी