लस कमी, जनावरे जास्त : वाटपाचा हिशोब गावाला कळावा



२०२२ च्या पावसाळ्यात राज्यात लम्पी चर्मरोगाची साथ आली. ऑगस्ट महिन्यात जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात चिनावल येथे या साथीची पहिली नोंद झाली आणि थोड्याच आठवड्यांत रोग अनेक जिल्ह्यांत पसरला. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात गाई-बैलांची संख्या सुमारे १ कोटी ४० लाख. हाताशी होती ती शेळ्यांच्या देवीवरील लस, आणि गाई-बैलांना ती शेळीपेक्षा जास्त मात्रेत द्यावी लागते. त्यामुळे सुरुवातीला लस सर्वांना एकाच वेळी पुरणे शक्य नव्हते. अशा वेळी ज्याच्या दावणीला बैलजोडी किंवा दुभती गाय आहे, त्याच्या मनात एकच प्रश्न असतो : माझ्या जनावराचा नंबर कधी, आणि तो कोणी ठरवला?

आधी कोणाला, याला शास्त्रीय कारण असते

पशुसंवर्धन खात्याने सुरुवातीस बाधित गाव व त्याभोवतीचा पाच किलोमीटरचा परिसर लसीकरणासाठी निवडला. लसीचा पुरवठा वाढल्यावर सर्व गोवंशाचे लसीकरण हाती घेण्यात आले. शेतात एका बाजूने आग लागली, तर आपण पेटलेल्या गंजीपुढचा कडबा आधी हलवतो. पाच किलोमीटरच्या कड्यामागेही हाच विचार आहे. लस टोचल्यावर जनावरात प्रतिकारशक्ती तयार होण्यास साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून रोग पोहोचण्याआधीच भोवतालच्या निरोगी जनावरांना लस द्यावी लागते.

हे माहीत नसले की गैरसमज होतात. आजारी जनावराला लस टोचत नाहीत, त्याच्यावर उपचार करतात. म्हशींमध्ये हा रोग कमी आढळतो, म्हणून लस आधी गाई-बैलांना मिळाली. रस्त्यापलीकडचे गाव कड्याच्या आत आणि आपले बाहेर, असेही होते. यात पक्षपात असतोच असे नाही.

परंतु दुसरी बाजूही खरी आहे. नियमाच्या आड वशिला लपू शकतो. वजनदार माणसाच्या गोठ्यात पथक आधी जाते आणि गावकुसाबाहेरची वस्ती किंवा डोंगरावरचा वाडा राहून जातो. नियम कोणता आणि लस वास्तविक कोणाला मिळाली, या दोन्ही गोष्टी गावासमोर नसतील, तर प्रामाणिक पथकावरही संशय येतो आणि अप्रामाणिक काम झाकले जाते. असा संशय घेऊन बसलेला पशुपालक पुढच्या वेळी जनावर बाहेर काढत नाही. अशी जनावरे राहिली की रोगाला वाट मोकळी राहते.

गावाच्या फलकावर काय असावे?

लसीकरणाच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर खालील माहिती खडूने लिहिली तरी पुरे :

१) गावातील लसयोग्य जनावरांची संख्या, वस्तीनिहाय.
२) मिळालेल्या लसमात्रा, लसीचा बॅच क्रमांक व मुदत.
३) आज वापरलेल्या, वाया गेलेल्या व परत पाठविलेल्या मात्रा.
४) प्राधान्याचा क्रम व त्याचे कारण.
५) उरलेल्या वस्त्यांची नावे व तेथे पथक येण्याची तारीख.

उदाहरणार्थ, समजा गावात लसयोग्य जनावरे ६४० आणि मिळालेल्या मात्रा ५००. वापरल्या ४६२, वाया गेल्या १८, परत पाठविल्या २०. बेरीज ५०० येते, म्हणजे हिशोब जुळला. लस न मिळालेली जनावरे राहिली १७८. ती कोणत्या वस्तीतील, हे फलकावर असले की भांडणाला जागा उरत नाही. काही मात्रा वाया जाणे स्वाभाविक आहे. कुपीत विद्रावक मिसळल्यावर लस बर्फावर ठेवून थोड्या वेळातच संपवावी लागते. वाया गेलेल्या मात्रांचा आकडा लपविला, तर मात्र तो संशयास्पद ठरतो.

कायदा आपल्या बाजूने आहे

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ नुसार जनतेवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची माहिती कार्यालयाने स्वतःहून, स्थानिक भाषेत प्रसिद्ध करावयाची असते. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो, त्याला निर्णयाची कारणेही सांगावयाची असतात. माहिती मिळाली नाही, तर संबंधित पशुसंवर्धन कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. साथ मात्र तीस दिवस थांबत नाही. म्हणून अर्जापेक्षा त्याच दिवशीचा फलक अधिक उपयोगाचा.

पशुपालकांनी काय करावे?

• जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला मारून घ्यावा व त्याची नोंद वहीत ठेवावी.
• रोगाची लक्षणे दिसताच ग्रामपंचायतीस किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. जनावरांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याने ते मालकाचे कर्तव्यच आहे. रोग लपविला तर आपले गाव प्राधान्यातून सुटते.
• लस टोचल्यावर दाखला मागून घ्यावा. त्यावरील बिल्ला क्रमांक व तारीख तपासावी.
• ग्रामसभेत साथ येण्यापूर्वीच प्राधान्याचा क्रम ठरवावा. दूरच्या वस्त्या व एक-दोन जनावरांचे मालक यांची यादी आधी करावी.
• दूध संस्था व तरुण मंडळातील दोघा-तिघांनी पथकासोबत राहून फलकाचे आकडे तपासावेत.
• आपला क्रम नंतरचा असेल आणि त्याचे कारण फलकावर असेल, तर थांबण्याची तयारी ठेवावी. पथकाला अडवून लस मिळविणे म्हणजे ज्याला ती आधी हवी आहे त्याच्या जनावराचा वाटा घेणे होय.

लसीचा पुरवठा वाढविणे गावाच्या हाती नाही. आलेल्या प्रत्येक मात्रेचा हिशोब उघड ठेवणे मात्र गावाच्या हाती आहे. त्यासाठी खर्च येतो तो फक्त एका फलकाचा आणि खडूचा. पुढच्या ग्रामसभेत हा विषय अवश्य मांडावा.